घारीची नजर

तपासणीच्या खोलीत तिला सगळ्या जणी घार म्हणायच्या. नाव कौतुकानं पडलेलं. इंजेक्शनच्या औषधाची बोटभर काचेची बाटली, आत पाण्यासारखं औषध, आणि त्या औषधात तरंगणारा पापणीच्या केसाहून बारीक धागा. तो धागा हुडकून काढायचा, हे तिचं काम. टेबलावर एक उघडा खोका, त्याची पाठ अर्धी काळी, अर्धी पांढरी, वर दिवा. बाटली काळ्यासमोर धरायची, फिरवायची, बघायची. मग पांढऱ्यासमोर धरायची, फिरवायची, बघायची. पांढरा धागा काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. चांगली बाटली उजवीकडच्या ट्रेमध्ये, खराब बाटली डावीकडच्या लाल डब्यात. मग पुढची. मग त्याच्या पुढची. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी एकदा बसून बघावं. थोड्याच वेळात भिंत हलायला लागते.

आणि इतक्या वर्षांत या बाईच्या नजरेतून काही सुटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मावशी म्हणायच्या, "हिला बाटली दाखवायचीसुद्धा गरज नाही, ही बुचाचा वास घेऊन सांगेल."

तीच घार लागोपाठ दोनदा नापास झाली.

परीक्षेची रीत अशी, की वर्षातून एकदा कंपनी एक खास ट्रे बाहेर काढते; नापास झालं तर पुढच्या महिन्यांत आणखी दोन खेपा. चांगल्या बाटल्यांत मुद्दाम बिघडवलेल्या बाटल्या मिसळलेल्या. कुठली कुठे आहे ते फक्त साहेबांना ठाऊक. ठरलेल्या वेळात ट्रे संपवायचा, आणि तोही शिफ्टच्या शेवटी, डोळ्यांची राख झाल्यावर. काचेचा कण सुटला तर नापास. घाबरून चांगल्या बाटल्या लाल डब्यात टाकल्या तरी नापास. पहिल्या खेपेला तिच्या हातून काच सुटली. दुसऱ्या खेपेला त्याच धसक्यानं तिनं इतक्या चांगल्या बाटल्या बाद केल्या, की लाल डब्याचं झाकण लागेना. तिसरी खेप पुढच्या महिन्यात, आणि तीच शेवटची. नापास झाली की खोलीबाहेर. आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईला खोलीबाहेर म्हणजे सरळ गेटबाहेर.

घरात कमावणारी ती एकटी. आई आहे, पण आईला सकाळचं दुपारी आठवत नाही. धाकटा भाऊ आहे, तो तिशीला आला तरी तयारी करतो आहे. कशाची, ते विचारायचं नाही.

दुसऱ्या निकालानंतर नव्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. समोर बसवलं, पाणी दिलं.

"घरी काही त्रास आहे का, ताई?"

"आई विसरते, साहेब. घराबाहेर जाते निघून. मग तिला परतीचा रस्ता सापडत नाही."

"वाईट वाटलं. पण तुम्हाला सांगू, अडचणी कुणाला नाहीत? सगळा सवयींचा खेळ आहे. मी स्वतः पहाटे उठतो. पहिला तास फोनला हात लावत नाही. शांत बसतो, श्वासावर लक्ष देतो, दिवसाचं एकच मोठं काम ठरवतो. दिवस कसा सुरीसारखा जातो!"

"तुमचा चहा कोण करतं, साहेब?"

"बायको करते. का?"

"काही नाही. सहज विचारलं."

साहेबांना ते झोंबलं की नाही, कळलं नाही. बहुतेक नाही. अशा माणसांचं कातडं जाड नसतं, नुसतं झाकलेलं असतं.

खरी गोम वेगळीच होती, आणि ती साहेबांच्याच टेबलावर पडलेली होती. पूर्वी खोलीत दर थोड्या वेळानं घंटा व्हायची. बायका उठायच्या, खिडकीशी जाऊन लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघायच्या, मान मोडायच्या, एकमेकींची टर उडवायच्या आणि परत बसायच्या. त्या वेळात घार बाहेरच्या कपाटातून फोन काढून बघायची. शेजारची शिवणवाली तिच्या आईवर नजर ठेवायची आणि सगळं ठीक असलं की एक मिस्ड कॉल द्यायची. तो दिसला की घारीच्या डोक्यातली आई घरी जाऊन बसायची, आणि घार टेबलावर. नव्या साहेबांनी त्या सगळ्या छोट्या सुट्ट्या गोळा करून जेवणाच्या सुट्टीला जोडल्या. "सारखं उठल्यानं तंद्री मोडते," ते म्हणाले. "मन लागायलाच वेळ लागतो. सलग बसा, सलग बघा." बायकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. जेवणाची सुट्टी मोठी झाली ना! त्या मोठ्या सुट्टीनं आपल्या डोळ्यांवर वरवंटा फिरवलाय, हे ध्यानात येईपर्यंत ती सवय होऊन बसली होती.

पण घारीनं दोष स्वतःलाच दिला. आपल्यासारख्या माणसांची हीच तर खोड. छत गळतं तेव्हाही आपण आधी स्वतःचंच डोकं चाचपून बघतो.

घरी धाकट्यानं बहिणीची हकिगत ऐकली आणि त्याच्या तोंडावर तेज चढलं. त्याचा तर हाच विषय. तो रोज गार पाण्यानं अंघोळ करायचा, आरशाशी बोलायचा आणि यशस्वी लोक सकाळी काय करतात याचे व्हिडिओ दुपारी उठेपर्यंत बघायचा.

"ताई, तू माझ्यावर सोड. आजपासून तुझी शिस्त मी लावतो."

"तू?"

"हसू नकोस. पहिली गोष्ट, सगळ्यांच्या आधी उठायचं."

"उठते की. मी सगळ्यांच्या आधीच उठते, नाहीतर तुला डबा कोण देणार? आणि तू डबा घेऊन जातोस कुठे, ते एकदा सांग."

"वाचनालयात. विषय बदलू नकोस. दुसरी गोष्ट, एका वेळी एकच काम. तिसरी, फोन डब्यात बंद. मोबाइल हा मेंदूतला उंदीर आहे ताई, सगळं कुरतडतो."

ती बुडत होती. बुडणारं माणूस दोर सुती आहे की रेशमी ते बघत नाही. ती आणखी लवकर उठायला लागली. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून श्वास मोजायला लागली. दोन श्वास होतात न होतात तोच आई समोर येऊन बसायची.

"झोपलीस का गं?"

"नाही आई. श्वास घेते आहे."

"घे की मग. डोळे कशाला मिटतेस त्यासाठी?"

थोड्या वेळानं पुन्हा, "झोपलीस का गं?"

एका वेळी एकच काम करायचं ठरवलं, तर दूध उतू गेलं. दूध पुसत बसली, तर आईनं गॅस सुरूच ठेवून त्यावर रिकामं पातेलं ठेवलं. लक्ष एकाच ठिकाणी ठेवण्याची चैन त्या घराला परवडण्यासारखी नव्हती. तिथे जगायचं तर लक्ष चारी खोल्यांत पेरून ठेवावं लागायचं, आणि खोल्या होत्या दोनच.

कामावर तर उलटंच होऊ लागलं. ती टेबलाला चिकटून बसायची, पापणी लवू द्यायची नाही, बाटली मुठीत आवळून जोरजोरात फिरवायची. आणि काय, तर प्रत्येक बाटलीत तिला कण दिसायचे! हा बघ, तो बघ, लाल डब्यात टाक. लाल डबा भरला की तोंडचं पाणी पळायचं. मग चार बाटल्या डोळे झाकल्यासारख्या पुढे जाऊ द्यायच्या. त्या पुढे गेल्या की वळून वळून त्यांच्याकडेच बघायची. त्या बाटलीतलं औषध कुणाच्या तरी शिरेत जाणार, कदाचित एखाद्या तान्ह्या बाळाच्या, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. ते ती कधी विसरली नव्हती.

मावशी दोन दिवस हे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी डबा बाजूला सारला.

"घारे, तू बाटली फिरवत नाहीस. झोडपतेस."

"म्हणजे?"

"म्हणजे झोडपतेस. धुणं आपटावं तशी. मग आत फेस होतो, बुडबुडे होतात. ते बुडबुडे तुला कण वाटतात. अगं, हे मी तुला सांगायचं? मला कुणी शिकवलं होतं? तूच ना?"

खरंच, घारीनंच शिकवलं होतं. बुडबुडा वर जातो, घाण खाली येते. बाटली हळू फिरवायची, मग हात थांबवायचा, आतलं पाणी शांत होऊ द्यायचं. जे वर पळालं ते सोडून द्यायचं, जे खाली उतरलं ते पकडायचं. सगळी कला त्या थांबण्यात.

"थांबायला वेळ कुठे आहे, मावशी?"

"मग झोडप," मावशी म्हणाल्या आणि भाजी संपवायला लागल्या.

त्या संध्याकाळपासून तिनं धाकट्याची शिस्त गुंडाळून ठेवली आणि एकच सवय धरली. आईच्या खोकल्याच्या औषधाची बारकी बाटली धुतली, पाणी भरलं, त्यात स्वतःच्या केसाचा बारीक तुकडा टाकला. खुर्चीच्या पाठीवर एका बाजूला काळा रुमाल, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद. बाटली धरायची. फिरवायची. थांबायचं. मनात शिफ्टमध्ये संपवायच्या बाटल्यांचा आकडा पळायचा. पण थांबायचंच, असं स्वतःला बजावून ती थांबायची. आई समोर येऊन बसायची आणि बाटलीकडे टक लावायची.

"काय शोधतेस?"

"केस."

"तो बघ, चालला खाली," आई म्हणायची, आणि खरंच तो तिथेच असायचा. आपण कुठल्या घरात आहोत ते ठाऊक नसलेल्या बाईला केस बरोबर दिसत होता. कितीतरी दिवसांनी दोघी मायलेकी काहीही न विचारता अशा समोरासमोर बसत होत्या. स्वयंपाकाला उशीर व्हायचा. झाला तर झाला.

हात वळणावर यायला लागला. कामावर लाल डबा हलका झाला. पण दिवसाचा आकडाही खाली आला, आणि साहेब तिच्या टेबलाशी जरा जास्त वेळ रेंगाळायला लागले.

मग तो सुट्टीचा दिवस आला. धाकट्यानं सकाळीच तिचा फोन डब्यात घालून डबा कपाटावर ठेवला. "आज दिवसभर उपास," म्हणाला. ती खुर्चीसमोर बाटली घेऊन बसली. तिला वाटलं, आई त्याच्याकडे आहे. त्याला वाटलं, आई तिच्याकडे आहे. दुपार उलटल्यावर दार वाजलं. दारात शिवणवाली, तिच्या हातात आईचा हात. आईच्या एका पायात तिची चप्पल, दुसऱ्या पायात धाकट्याचा बूट. कोपर खरचटलेलं.

"फोन काय लोणचं घालून ठेवलाय का तुम्ही?" शिवणवाली कडाडली. "किती फोन करू? मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. गाड्या दोन्हीकडून. म्हणतात, माझी आई मला न्यायला येणार आहे."

घारीनं आईला आत नेलं, कोपर धुतलं, बिछान्यावर बसवलं. मग बाहेर येऊन कपाटावरचा डबा काढला आणि धाकट्याच्या पायाशी आपटला.

"उंदीर ना? घे तुझा उंदीर! गार पाण्यानं अंघोळ करतोस आणि जग जिंकल्यासारखा हिंडतोस. तुझं मन लागतं, कारण तुझं सगळं दुसरं कुणीतरी करतं. तुझं लक्ष म्हणजे माझी झोप आहे रे, माझी झोप!"

धाकट्यानं वाकून डबा उचलला, फोन काढून तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "परीक्षेच्या दिवशी मी घरी थांबतो. दाराला खुर्ची लावून बसतो."

"आणि वाचनालय?"

"वाचनालय गेलं खड्ड्यात."

परीक्षेच्या दिवशी तो खरंच थांबला. सकाळी ती निघाली तेव्हा खुर्ची दाराशी, खुर्चीवर तो, आणि आई त्याला विचारत होती, "तुम्ही कोण?" तो म्हणत होता, "मी वॉचमन." आई म्हणाली, "मग नीट बसा."

दिवस संपत आला आणि तिच्यासमोर तो ट्रे आला. साहेब घड्याळ घेऊन बाजूला बसले. बाकीच्या जणी आपापल्या खोक्यांत डोकं घालून, पण सगळ्यांचे कान इकडेच.

तिनं पहिली बाटली उचलली. फिरवली. थांबली. पाणी शांत झालं. काही नाही. पांढऱ्यासमोर धरली. काही नाही. उजवीकडे. दुसरी. तिसरी. एका बाटलीत बुडबुड्यांची रांग वर पळाली आणि त्यांच्यामागून एक चमक संथपणे खाली आली. काच. लाल डबा. मग धागा. मग तळाशी बसलेला काळा ठिपका. मानेला कळ लागत होती, डोळ्यांत वाळू होती, तरी तिला दिसत होतं. कितीतरी महिन्यांनी तिला सगळं पूर्वीसारखं दिसत होतं. आई घरी होती. हात आपल्या जागी होता. त्या वेळी तिच्याइतकी नजर त्या इमारतीत कुणाची नव्हती, आणि हे तिला स्वतःला कळत होतं.

"ताई," साहेब हळूच म्हणाले, "वेळ."

तिनं ट्रेकडे पाहिलं. मागच्या दोन ओळी अजून भरलेल्या होत्या.

"किती आहे, साहेब?"

"नसल्यासारखाच." ते घुटमळले. "असं बघा, तुम्ही आतापर्यंत एकही चुकलेली नाही. मी बघतोय ना. उरलेल्यांत बहुतेक चांगल्याच असतात. थोडी सूट असतेच परीक्षेला." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खोलीत फोन आणायला कुणालाच परवानगी नव्हती, त्यांनाही नव्हती. ते उठले आणि पाठ फिरवून, खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले.

माणूस वाईट नव्हता. ही त्याची दयाच होती. जिनं थांबायला वेळ मागावा तिला त्यानं न बघण्याची मुभा दिली.

ती बाटल्यांकडे बघत राहिली. फिरवणं, थांबणं, सगळं अंगात ताजं होतं. आणखी थोडा वेळ मिळाला असता, पूर्वीची ती एक छोटी सुट्टी असते तेवढा, तर तिनं दोन्ही ओळी लख्ख तपासून दिल्या असत्या. डोळ्यांसमोर दाराला लावलेली खुर्ची आली. त्या खुर्चीवरचा माणूस उद्या कामाला जाणार नव्हता, परवाही नाही. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि न बघितलेल्या बाटल्या उचलून उजवीकडच्या ट्रेमध्ये ठेवल्या. काच काचेवर किणकिणली. शेजारी मावशींचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

निकाल पास. न बघितलेल्यांत एक धागा निघाला. काच नव्हती, आणि धाग्याला तेवढी सूट होती.

धाकट्यानं ऐकलं आणि तो नाचलाच. "सांगत नव्हतो? सगळा सवयींचा खेळ!" मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला गेला. त्या घरात त्यानं पहिल्यांदा टाकलेला चहा. बरा झाला होता. ती पूर्ण प्यायलीसुद्धा नाही.

आता तिला नावं ठेवायला ज्यांचे ओठ शिवशिवत असतील, त्यांनी आधी त्या स्टुलावर शिफ्टभर बसावं, मग तोंड उघडावं. पण म्हणून तिचं बरोबर होतं असंही इथे कुणी म्हणत नाही. ती स्वतः तर मुळीच म्हणत नव्हती. पुढचे दोन दिवस तिनं प्रत्येक बाटली फिरवली, थांबली, नीट बघितली, जणू काही फेडत होती. दोन्ही दिवस तिचा आकडा सगळ्यांत कमी. तिसऱ्या दिवशी साहेब तिच्या मागे उभे राहिले. घड्याळ बघत, बराच वेळ. शिफ्ट संपायला आली तेव्हा ट्रे अजून बाकी होता, आणि तिच्या हातांना रस्ता माहीत होता. आजच्या दिवस, ती स्वतःला म्हणाली. शेवटची एकच ओळ.

धाकट्याला त्याच्या व्हिडिओंत कुणी हे सांगितलं नव्हतं, की सवय लागायला शिस्त लागत नाही. भीती पुरते.

महिन्याअखेर साहेबांनी सगळ्यांना गोळा करून तिला पुढे बोलावलं. "दोनदा नापास झालेली बाई," ते म्हणाले, "आज हिचा आकडा खोलीत सगळ्यांत वर आहे. का? चांगल्या सवयी! टाळ्या वाजवा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. घारीनं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

पुन्हा सगळ्या टेबलावर बसल्या तेव्हा मावशींनी आपल्या खोक्यातून डोकं न काढताच विचारलं, "हल्ली झोडपत नाहीस बाटल्या."

"नाही, मावशी."

"घरचं कसं आहे? आई?"

"धाकटा असतो ना आता जवळ."

"म्हणजे डोकं ठिकाणावर आहे तुझं."

"आहे."

एक बाटली मावशींनी काळ्यासमोर धरली, फिरवली, थांबल्या, मग लाल डब्यात टाकली. "मग मला एवढंच सांग, घारे," त्या अगदी हळू म्हणाल्या, "बघतेस ना?"

"बघते की," घार म्हणाली. हे म्हणताना ती मावशींकडे वळली होती, आणि तिच्या उजव्या हातानं तेवढ्यात दोन बाटल्या चांगल्यांच्या ट्रेमध्ये ठेवल्या होत्या.